‘हंगर गेम्स’ कुठून वाचायला घ्यावी?

सुझन कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ मालिकेची आता पाच पुस्तकं झाली आहेत. ज्यानं त्यातलं एकही वाचलेलं नाही त्यानं कुठलं आधी उघडावं, एवढंच आज आपल्याला ठरवायचंय. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच सांगून टाकतो: पुस्तकं ज्या क्रमानं छापली गेली त्याच क्रमानं वाचा. गोष्टीतल्या कालक्रमानं वाचू नका, निदान पहिल्या खेपेला तरी नको. असं का, हे सांगायला मात्र थोडा वेळ लागेल, कारण त्यासाठी ही पुस्तकं आतून कशी चालतात ते बघावं लागतं.

एक खबरदारी. शेवटी कोण जगतं आणि कोण मरतं हे आम्ही सांगणार नाही. पण दोन-तीन ठिकाणी पडदा थोडा बाजूला करावा लागेल. तिथे आधी सांगू, म्हणजे ज्यांना नको असेल त्यांना तेवढा भाग सोडून पुढे जाता येईल.

प्रकाशनाचा क्रम असा आहे. २००८ साली ‘द हंगर गेम्स’, २००९ मध्ये ‘कॅचिंग फायर’, २०१० मध्ये ‘मॉकिंगजे’. ही मूळ त्रयी. मग दहा वर्षं काहीच नाही. २०२० मध्ये ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ आणि २०२५ च्या मार्चमध्ये ‘सनराइज ऑन द रीपिंग’. पुढे आपण त्यांना नुसतं ‘बॅलड’ आणि ‘सनराइज’ म्हणू.

आता गोष्टीतला काळ. पॅनेम नावाचा देश आहे, उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभा राहिलेला. मध्ये श्रीमंत राजधानी कॅपिटॉल, भोवती राबणारे बारा डिस्ट्रिक्ट. डिस्ट्रिक्टांनी पूर्वी बंड केलं होतं, ते मोडून काढलं गेलं. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडायची, ती चोवीस मुलं एका रिंगणात सोडायची, आणि एकच जिवंत उरेपर्यंत चालणारा खेळ सगळ्या देशाला टीव्हीवर बघायला लावायचा. चिठ्ठी काढण्याच्या त्या समारंभाला रीपिंग म्हणतात, म्हणजे कापणी. त्रयी सुरू होते ७४व्या खेळापासून. ‘बॅलड’ दहाव्या खेळाची गोष्ट आहे, म्हणजे ६४ वर्षं आधीची. ‘सनराइज’ पन्नासाव्या खेळाची, २४ वर्षं आधीची. कालक्रम लावायचा तर चौथं पुस्तक आधी, मग पाचवं, आणि त्यानंतर पहिलं, दुसरं, तिसरं.

कालक्रमवाल्यांचं म्हणणं साधं आहे. गोष्ट सुरुवातीपासून ऐकावी. आधी काय झालं ते आधी, नंतरचं नंतर. यात चुकीचं काय?

आपल्याकडे महाभारत कसं सुरू होतं ते आठवा. शंतनूपासून सुरू होत नाही. नैमिषारण्यात ऋषी जमलेत, तिथे सौती येतो आणि सांगतो, की जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनानं सांगितलेली कथा मी ऐकून आलोय. जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू. युद्ध होऊन पिढ्या उलटल्यात आणि मग कथेला तोंड फुटतं. घटना कुठल्या क्रमानं घडल्या आणि त्या ऐकणाऱ्याला कुठल्या क्रमानं सांगाव्यात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हे आपल्या कथेकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

यावर कोणी म्हणेल, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. रामायण-महाभारताचा शेवट सगळ्यांना पाठ असतो, तरी कीर्तनाला माणसं बसतातच ना? मग पूर्वकथा आधी वाचून काही गोष्टी कळल्या तर बिघडलं कुठे? ही शंका रास्त आहे. नुसत्या शेवटाचाच प्रश्न असता तर आम्हीही म्हटलं असतं, वाचा कुठूनही. पण डिस्टोपियन कादंबरीत एक वेगळी गोष्ट पणाला लागलेली असते. तिथली राजवट बंदुकीवर जेवढी चालते, तेवढीच लोकांना काय कळू द्यायचं आणि काय नाही, यावर चालते. तिथलं जगणं वाचणाऱ्याला कळायचं तर त्यालाही काही काळ त्या अज्ञानात बसावं लागतं. सगळं आधीच माहीत असलेला वाचक गॅलरीत बसून बघतो. म्हणजे जवळपास कॅपिटॉलच्या प्रेक्षकासारखाच.

कॉलिन्स यांनी हे अज्ञान कसं रचलंय ते बघा. त्रयी कॅटनिस एव्हरडीन ही सोळा वर्षांची मुलगी सांगते, प्रथमपुरुषात आणि वर्तमानकाळात. ‘मी गेले’ असं नाही, ‘मी जाते’. पुढच्या क्षणी काय होणार हे तिला माहीत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. ती डिस्ट्रिक्ट बारामधली. तिथे कोळशाच्या खाणी, आणि शाळेतसुद्धा गणित-वाचन सोडलं तर जे शिकवतात ते फिरून फिरून कोळशावरच येतं. देशाबद्दल तिला फारच थोडं ठाऊक आहे. पण टेसेराचा हिशोब तिला तोंडपाठ आहे. टेसेरा म्हणजे काय, तर घरात खायला नसेल तर मुलानं चिठ्ठ्यांच्या भांड्यात आपलं नाव आणखी एकदा टाकायचं, बदल्यात एका माणसाला वर्षभर पुरेल असं थोडं धान्य आणि तेल मिळतं. घरात जितकी माणसं तितक्या वेळा टाकता येतं, आणि हे दरवर्षी साठत जातं. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत, तिचा मित्र गेल याच्या बेचाळीस. ही व्यवस्था कोणी आणली, कुठल्या खोलीत बसून ठरवली, हे तिला माहीत नाही. तिच्यासाठी ते हवामानासारखं आहे, असतं ते असतं. वाचकालाही सुरुवातीला ते तसंच वाटायला हवं. ‘बॅलड’ आधी वाचलं तर आपण त्या खोलीत आधीच जाऊन आलेलो असतो.

इथून पुढचे तीन परिच्छेद ‘कॅचिंग फायर’ आणि ‘सनराइज’बद्दल आहेत. ज्यांना काहीच कळून घ्यायचं नाही त्यांनी ‘बॅलड’पाशी यावं.

पॅनेममध्ये एक तेरावा डिस्ट्रिक्टही होता. बंडात तो बेचिराख झाला, असं सरकार सांगतं, आणि पुरावा म्हणून टीव्हीवर तिथले धुमसते अवशेष अधूनमधून दाखवतं. ‘कॅचिंग फायर’मध्ये कॅटनिसला जंगलात पळून चाललेल्या दोन बायका भेटतात. त्या म्हणतात, नीट बघ, दरवेळी तेच जुनं चित्रण दाखवतात, कोपऱ्यात मॉकिंगजे पक्ष्याचा पंख फडकतो, तोही दरवेळी तोच. कॅटनिस घरी जाऊन टीव्ही बघते, आणि तो पंख दिसतो. तिला धडा मिळतो, आपल्यालाही मिळतो: कॅपिटॉलनं दाखवलेल्या चित्रणावर विश्वास ठेवायचा नाही.

आता गंमत बघा. त्यानंतर काही प्रकरणांतच कॅटनिस आणि पीटा आगगाडीत बसून एक जुनी टेप लावतात. त्यांचा मार्गदर्शक हेमिच ॲबरनॅथी हा पन्नासावा खेळ जिंकला होता. त्या वर्षी नेहमीच्या दुप्पट, म्हणजे ४८ मुलं रिंगणात होती. हेमिच आता दारुडा झालाय, स्वतःच्या खेळाबद्दल चकार शब्द काढत नाही. तो कसा जिंकला हे टेपमध्ये दिसतं. रिंगणाच्या कडेला खोल कडा आहे, त्याखाली एक अदृश्य पडदा आहे, त्यावर आपटून वस्तू परत वर येते. हेमिचला हे आधी कळलेलं असतं, त्याच्यावर फेकलेली कुऱ्हाड तशीच परत येते आणि काम होतं. दोघं टेप बघतात, चकित होतात. वाचकही होतो. आणि आताच शिकलेला धडा वापरायचं कोणालाही सुचत नाही. ही टेपसुद्धा कॅपिटॉलनंच कापून-जोडून बनवली असणार, हा विचार मनात येत नाही. काही पानांपूर्वीचा तो पंख आपण विसरलेलो असतो.

२०२५ मध्ये ‘सनराइज’ आलं, आणि त्यात तोच पन्नासावा खेळ हेमिच स्वतः सांगतो. टेपमध्ये काय होतं आणि काय काढून टाकलं होतं ते तिथे कळतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर रीपिंगच्या समारंभात गडबड होते, आणि देशाला ‘थेट प्रक्षेपण’ म्हणून जे दिसतं ते थेट नसतं, हे आपण बघतो. ज्यांनी २००९ मध्ये ‘कॅचिंग फायर’ वाचलं ते वाचक सोळा वर्षं ती टेप खरी मानून बसले होते. राजवटीनं जनतेला फसवलं हे पुस्तकात वाचणं वेगळं, आणि राजवटीनं आपल्याला, हातात पुस्तक घेऊन बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसाला फसवलं होतं हे कळणं वेगळं. आमच्या मते अख्ख्या मालिकेतली ही सगळ्यात मोठी चाल आहे. आणि ती फक्त एकाच क्रमानं लागू पडते. ‘सनराइज’ आधी वाचलेला माणूस ‘कॅचिंग फायर’मधल्या टेपपाशी आला की म्हणतो, हां, ही खोटी आहे, मला ठाऊक आहे. तो फसतच नाही. मुद्दा तर फसण्याचाच होता. थोडे लोक पुष्कळांवर इतक्या सहज राज्य कसं करू शकतात, हा डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. त्याचं एक उत्तर वाचकाला स्वतःकडे बघूनच मिळतं.

आता ‘बॅलड’. इथे कालक्रमवाल्यांची बाजू खरंच भक्कम आहे, ती झटकून टाकून चालणार नाही.

त्रयीत पॅनेमचा अध्यक्ष आहे कोरिओलेनस स्नो, म्हातारा, क्रूर, कोटाला गुलाब लावणारा, श्वासाला रक्ताचा वास असलेला. ‘बॅलड’मध्ये तोच अठरा वर्षांचा आहे. बडं घराणं, पण युद्धानं धुऊन नेलेलं. घरात कोबीचं सार, बाहेर श्रीमंतीचा देखावा. त्याला डिस्ट्रिक्ट बाराची लुसी ग्रे बेअर्ड या गाणाऱ्या मुलीचा मार्गदर्शक नेमतात. त्या वेळी खेळ अजून ओबडधोबड आहेत. निवडलेल्या मुलांना प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यात ठेवतात. प्रेक्षकांना खेळ बघायची फारशी इच्छाच नाही, आणि ती कशी निर्माण करायची यावर हुशार विद्यार्थ्यांकडून कल्पना मागवल्या जातात. कालक्रमवाले म्हणतात, हे पुस्तक कोऱ्या मनानं वाचा. मुलगा उपाशी आहे, हुशार आहे, तुम्हाला तो आवडू लागेल, तुम्ही त्याच्या बाजूनं व्हाल. मग तो कुठे पोचतो ते बघून तुम्हालाच धक्का बसेल. तीही फसवणूकच की! तुम्हाला वाचक फसायला हवाय ना?

युक्तिवाद चांगला आहे, आणि आम्ही त्यावर बराच विचार केला. तरी आमचं मत बदललं नाही. याचं कारण पुस्तकाच्या निवेदनात आहे. ‘बॅलड’ प्रथमपुरुषात नाही. ते तृतीयपुरुषात, भूतकाळात आहे. कॅटनिसच्या डोक्यात कॉलिन्स आपल्याला बसवतात, स्नोच्या मात्र मागे उभं करतात, एक पाऊल अंतर ठेवून. तो प्रत्येक हलक्या कृत्याला एक सभ्य कारण शोधतो, आणि त्या अंतरावरून आपण ते कारण तपासायचं असतं. तो पुढे कोण होणार हे माहीत असलेला वाचक ते तपासतो. प्रत्येक पानावर त्याला वाटत राहतं, अजून वेळ आहे, अजून हा वळू शकतो, आणि तो वळत नाही. शेवट माहीत असूनही, किंबहुना माहीत आहे म्हणूनच, जीव टांगणीला लागतो. कीर्तनाची उपमा इथे अगदी बरोबर बसते, कालक्रमवाल्यांना वाटते त्याच्या उलट बाजूनं.

दुसरं असं, की हे पुस्तक खेळाची सगळी यंत्रणा कशी जन्मली ते दाखवतं. सट्टा, देणगीदार, रिंगणात वरून अन्न पाठवणं. या गोष्टींचं पुढे काय झालं हे माहीत असेल तर त्यांचा जन्म बघताना अंगावर काटा येतो. माहीत नसेल तर ते नुसते तपशील राहतात. एक गाणंही आहे, फाशीच्या झाडाचं. ‘मॉकिंगजे’मध्ये कॅटनिस ते गाते. वडिलांनी शिकवलेलं, आईनं गायची बंदी केलेलं. ते कुठून आलं हे तिला माहीत नसतं. दहा वर्षांनी ‘बॅलड’मध्ये कळतं, आणि मग हेही लक्षात येतं, की म्हाताऱ्या स्नोनं ते ऐकलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल.

कालक्रमाच्या विरुद्ध आणखी एक अगदी रोकडा मुद्दा आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ‘सनराइज’ मुळात कालक्रमात बसतच नाही. त्याचा उपसंहार ‘मॉकिंगजे’च्याही पलीकडे जातो, आणि त्रयीच्या अखेरीस कोण उरलं हे सांगून टाकतो. म्हणजे ‘आधीचं आधी’ म्हणून ते आधी वाचाल तर शेवटच्या पानांवर तुम्हाला नंतरचं सगळं मिळून जाईल. काही चोखंदळ मंडळी मधला मार्ग सुचवतात, की ‘कॅचिंग फायर’नंतर थांबून ‘सनराइज’ वाचावं आणि मग ‘मॉकिंगजे’. टेपची आठवण ताजी असताना टेपचं सत्य कळेल, ही कल्पना आकर्षक आहे. पण तोच उपसंहार आडवा येतो. शिवाय ‘कॅचिंग फायर’ अशा वाक्यावर संपतं की माणूस मध्ये पाणी प्यायलाही उठत नाही.

‘सनराइज’च्या आधी ‘बॅलड’ हवंच, हेही लक्षात ठेवा. हेमिचचं जिच्यावर प्रेम आहे ती लेनोर डव लुसी ग्रेच्याच गाणाऱ्या जमातीतली आहे. हेमिच आणि स्नो समोरासमोर येतात तेव्हा स्नोला त्या जमातीबद्दल जे ठाऊक आहे ते का ठाऊक आहे, हे ‘बॅलड’ न वाचणाऱ्याला कळणार नाही. त्रयीतली कितीतरी माणसंही तिथे तरुणपणी भेटतात: बीटी, मॅग्ज, प्लुटार्क, एफी. ओळखीच्या माणसाचा जुना फोटो सापडल्यासारखं वाटतं, पण त्यासाठी आधी ओळख हवी.

हा नियम सगळ्या मालिकांना लावू नका. मार्गारेट ॲटवूड यांची ‘ओरिक्स अँड क्रेक’ (२००३) आणि ‘द इयर ऑफ द फ्लड’ (२००९) ही दोन पुस्तकं एकाच काळात, एकाच महामारीभोवती, वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून घडतात. त्यांतलं कुठलंही आधी घेतलं तरी चालतं, तिसरं ‘मॅडॲडम’ मात्र शेवटीच. ह्यू हॉवी यांच्या सायलो मालिकेत पूर्वकथा लेखकानंच मध्ये ठेवली आहे. ‘वूल’मध्ये जमिनीखालच्या त्या शहरात अडकायचं, ‘शिफ्ट’मध्ये ते कोणी आणि का बांधलं ते कळायचं, आणि मग ‘डस्ट’. ‘शिफ्ट’पासून सुरुवात केली तर ‘वूल’मधलं सगळं कोडं पहिल्याच दिवशी सुटतं.

आता आधी आलेले दोन प्रश्न.

चित्रपट पाहिलेत, मग त्रयी वाचलीच पाहिजे का? आम्ही म्हणू, निदान ‘कॅचिंग फायर’ तरी वाचाच. हेमिचची ती टेप चित्रपटात घेतलेलीच नाही. जी टेप बघितलीच नाही ती खोटी होती हे कळून काय उपयोग? मॉकिंगजेच्या बिल्ल्याचंही तसंच. चित्रपटात कॅटनिसला तो बाजारात मिळतो. पुस्तकात तो मॅज नावाची मैत्रीण देते, आणि तो मॅजच्या मावशीचा, पन्नासाव्या खेळात गेलेल्या मेसिली डोनरचा असतो. ‘सनराइज’मध्ये मेसिली भेटते तेव्हा हे माहीत असलेलं बरं. ‘सनराइज’च्या चित्रपटासाठी नोव्हेंबर २०२६ जाहीर झालंय. तो बघून पुस्तकांकडे वळणारे पुष्कळ असतील, आणि ते नेमके उलट्या टोकानं आत शिरतील. त्यांना आत्ताच गाठा.

दुसरा प्रश्न एका पालकांचा. मुलीचं वय तेरा, तिला भेट म्हणून ‘बॅलड’ मिळालंय, वाचू द्यावं का? पुस्तक काढून घेऊ नका, कपाटात ठेवायला सांगा आणि पहिला भाग आणून द्या. ‘बॅलड’ जाडजूड आहे, त्यात माणूस मुळात कसा असतो यावरच्या चर्चा बऱ्याच आहेत, आणि मुख्य पात्र आवडण्यासारखं नाही. तिथून सुरुवात करणारं मूल कंटाळून मालिकाच सोडून देण्याची शक्यता आहे. पहिला भाग मात्र हातातून सुटत नाही. हिंसा दोन्हीत आहे, तेव्हा तो निकष लावायचा तर दोन्हींना लावा, आणि शक्यतो आपणही सोबत वाचा.

पाचही वाचून झाली आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा घ्यावीशी वाटली, तर मात्र खुशाल कालक्रमानं घ्या. दहावा खेळ, पन्नासावा, चौऱ्याहत्तरावा. त्या वेळी ‘कॅचिंग फायर’मधल्या टेपपाशी आलात की पुस्तक मिटून थोडं थांबा, आणि ‘सनराइज’मधला तो शेवटचा प्रसंग काढून दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बघा.